नऊ भाकरींचा वेळ

आमच्या घरी भाकरी मोजून व्हायच्या. माय काठवटीत पीठ मळायला घ्यायची तेव्हाच ठरलेलं असायचं, आज पाच की आज सात. नऊ म्हणजे तिच्या आणि बाच्या, दोघांच्याही हाताला काम मिळालेला दिवस. बा रेल्वेच्या रुळाखाली खडी भरायला रोजंदारीवर जायचा. माय लोकांच्या रानात निंदायला नाहीतर कापूस वेचायला. चुडावा स्टेशनापासून पायी पाऊण तासावर गाव, आणि गावाच्या ओढ्यापलीकडं आमची वस्ती. भाकरी थापताना माय तोंडातल्या तोंडात आकडा म्हणायची. एक. भाकर तव्यावर. दोन. आम्ही तिघं भावंडं चुलीपुढं बसून त्या आकड्याला कान लावून असायचो. आकडा कुठं थांबतो, त्यावर त्या दिवशीची अख्खी की अर्धी ते ठरायचं.

चार हा आकडा मला अजूनही आवडत नाही.

मी सात-आठ वर्षांची असेन. पावसाळ्याचे दिवस होते आणि विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटला होता. विद्यापीठ म्हणजे काय हे आम्हा लेकरांना ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की आमच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांचं नाव कशाला तरी द्यायचं आहे, आणि ते द्यायचं नाही म्हणून माणसं घरं पेटवायला निघाली आहेत. भर दुपारी कुणीतरी ओरडत आलं, "निगा, निगा, आले!" चौथी भाकर तव्यावर होती. मायनं मला दंडाला धरून ओढलं. कमरेएवढ्या जवारीत आम्ही वाकून पळालो आणि तिथंच चिखलात बसलो. थोड्या वेळानं वाऱ्यावर वास आला, करपल्याचा. मला वाटलं, आमचीच भाकर आहे. मी म्हणाले, "माय, भाकर करपायली." तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. त्या हाताला ओलं पीठ होतं.

परत आलो तेव्हा छप्पर नव्हतं. चूल होती, तवा होता. तव्यावर कोळशाची एक गोल चकती होती.

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, थंडी मस्त पडलीय. शनिवारी येते पोरांना घेऊन. घरीच बेकिंग करू. थांब, तुला यादीच पाठवते." यादी आली. केळ्याचा केक, लसणाचा पाव, गव्हाच्या पिठाची नानकटाई, दालचिनी घातलेले गोड गुंडाळे, पोरांनी आपल्या हातानं कापायची चांदण्यांची बिस्किटं. दोन दिवसांत काय काय करता येईल याचं मोठं उत्साहाचं लिहिलेलं. मी चष्मा लावून वाचत होते. लसणाच्या पावापाशी एक ओळ होती: भाजताना मध्येच ओव्हनचं दार उघडू नये.

तेवढ्यावर मी थांबले. परभणीतलं माझं घर, ओट्यावर लेकीनंच घेऊन दिलेला काचेच्या दाराचा ओव्हन, बाहेर कोवळं ऊन. आणि मी पुन्हा त्या जवारीत. माणूस साठीकडं झुकला तरी भीतीचं वय वाढत नाही. ती त्याच इयत्तेत बसलेली असते.

भाजण्याचे बेत आमच्याकडंही थंडीत होतच की. त्यांना कुणी बेत म्हणत नव्हतं, एवढंच. आगटीत हुरडा, निखाऱ्यावर वांगं, तुरीच्या शेंगा. सगळं डोळ्यांसमोर. करपायला लागलं की दिसतं, दिसलं की उलथायचं. भाकरीचंही तसंच. ती तुमच्या तोंडासमोर फुगते, वाफेनं बोटं पोळवते, पण काही लपवत नाही. त्यामुळं परभणीच्या कॉलेजात गृहविज्ञानाच्या वर्गात पहिल्यांदा ओव्हन बघितला तेव्हा मला तो आवडला नाही. दार असलेलं लोखंडी कपाट. आत काय चाललंय ते कळत नाही. जळत असलं तरी तुम्ही बाहेर उभे.

पहिल्या प्रॅक्टिकलला मला केक आला. मॅडमनी बजावलं होतं, दार उघडायचं नाही. मी चार वेळा उघडलं. कुठूनही जरासा वास आला की माझा हात आपोआप कडीवर जायचा. केक बाहेर काढला तर मधोमध खड्डा, म्हैस बसून उठल्यावर मातीत पडतो तसा.

"हिला वाटतं केक आतून पळून जाईल," एक मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

मॅडम हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "अगं, तू लेखी परीक्षेत इतकी चांगली आहेस. मग दार का उघडतेस?" सांगायचं म्हटलं असतं तर जवारीपासून सुरुवात करावी लागली असती. त्या म्हणाल्या, "सोमवारी दिवसभराची शेवटची संधी देते. पाव करून दाखव. यीस्ट इथलं संपलंय, बाजारातही नाही, तुझं तू बघ. आणि परत दार उघडलंस तर मला काही करता येणार नाही."

नापास होण्याचं भय सगळ्यांनाच असतं. माझ्या नापास होण्याला एक शेपूट होतं. बानं त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "पास झालीस तर फुडं शिक. एक वर्स जरी गेलं तर घरी ये. ह्या दिवसांत पोरगी एकली गाडीनं जाती-येती, माज्या जिवाला थारा ऱ्हात न्हाई." तो वाईट माणूस नव्हता. नावाचा प्रश्न तेव्हाही तसाच लोंबकळत होता. मध्येच कुठं मोर्चा निघायचा, कुठं बंद, कुठं दगड पडायचे. अशी बातमी आली की बा कामावरून थेट स्टेशनावर जाऊन बसायचा, मी त्या गाडीनं येणार नसले तरी.

तो शनिवार मला तासातासासकट आठवतो. पूर्णेला गाडी बदलायला बराच वेळ असायचा. स्टेशनामागं करीमचाचांची पावाची भट्टी होती. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. चाचा पाटावर कणीक आपटत होते. आपटणं न थांबवता म्हणाले, "कालेज में पाव सिखाते? हमारा पोट्टा तो पाव छोडके कालेज जाने का बोलता!" मग त्यांनी एका तगारीतून खमिराचा, पाव फुगवणाऱ्या आंबलेल्या पिठाचा, लिंबाएवढा गोळा काढला, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. "बेटी, ये जिंदा चीज है. सोता बी है, जागता बी है. थंडी में जरा गरम रखना, थोडा आटा खिलाना. और ढक्कन कसके नको लगाना."

घरी येताच मी मायला ती गोष्ट सांगितली. जिवंत आहे, उबेत ठेवायचं, पीठ खायला घालायचं, सगळं सांगितलं. झाकणाचं सांगायचं राहिलं.

माय त्या गोळ्यावर वाकली. "श्वास घ्यायलाय की गं," ती म्हणाली. मग तिनं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यात त्याला ठेवलं, वर फडकं घातलं आणि गोधडीत गुंडाळून डबा चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला. रविवारी सकाळी गोळा दुप्पट झाला होता. आंबूस-गोड वास येत होता. मायनं धाकट्याला दटावलं, "हिकडं धसमुसळेपणा करू नको, बसंल ते."

येताना आणलेल्या मैद्यात थोडं खमीर मळून मी दोन पावांची कणीक ठेवली. ओव्हन तेलाच्या मोठ्या डब्याचा केला. आडवा पाडून एका बाजूचा पत्रा कापला, तळाला ओढ्यातली वाळू पसरली, डबा चुलीवर चढवला, वर निखारे. कापलेला पत्रा झाकण म्हणून लावायचा. वस्तीतली निम्मी माणसं बघायला आली. शेजारची गयाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं कालिज शिकून पोरगी शेवटी चुलीपशीच आली व्हय!"

"चुलीपशी तर समदेच येतेत," माय म्हणाली. "ही परीक्षा द्यायला आली. तू बस तिकडं."

पहिला पाव मी घालवला. पत्रा तीन वेळा बाजूला केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा आतला फुगलेला गोळा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. गयाकाकूनं तो गार झाल्यावर जमिनीवर आपटून बघितला. "दळायला चालंल," म्हणाली.

माय हसली नाही. पोरं, बाया पांगल्यावर बाजूच्याच दुसऱ्या चुलीवर तवा ठेवत तिनं विचारलं, "काय बगायलीस तू आत घडी-घडी?"

"करपतंय का ते."

"करपायच्या आदी?"

ती काठवटीत पीठ मळायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाकर डोळ्याम्होरं भाजती. तिच्यावर इश्वास ठिवायची गरज न्हाई. हे येगळं हाय. हे आंधळ्यावानी करायचं काम हाय, आन आपल्याला तसं कुणी करू दिलं न्हाई." मग हातावर पाणी घेतलं. "दुसरा पाव घाल आत. माज्या नऊ भाकरी झाल्या की उघड. आदी न्हाई."

मी दुसरा गोळा आत सरकवून पत्रा लावला. मायनं थापायला सुरुवात केली. एक. थपथप, थपथप, मग तव्यावर पडल्याचा आवाज, मग पाण्याचा हात फिरल्याचा. दोन. तीन. चौथ्या भाकरीला माझा हात पत्र्याकडं गेला. तिनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं तिनं भाकर उलटली. पाच. मी चुलीकडं पाठ करून बसले, डोळे मिटले. सहा. सात. थपथप चालू होती. आठ. नऊ.

"उघड आता."

पाव फुगलेला होता. तळाला जरा लागला होता, एका अंगाला वाकडा होता, पण फुगलेला होता. आम्ही तो गरमच मोडला. बा आला तेव्हा त्याच्यासाठी ठेवलेला तुकडा त्यानं आधी नाकाला लावला, मग खाल्ला. "कापसावानी लागायलाय," म्हणाला.

जेवायला बसलो तेव्हा टोपल्यात भाकरी सातच होत्या. मी पुन्हा मोजल्या. घरात त्या दिवशी सातांचंच जवारीचं पीठ होतं. आठवी आणि नववी मायनं नुसत्या रिकाम्या हातांनी थापली होती, मला वेळ कळावा म्हणून. मी तिच्याकडं बघितलं, तर ती मीठ शोधत होती.

सोमवारी पहाटेच्या थंडीत ती उठली, मी आंघोळ करीपर्यंत तिनं डबा भरून ठेवला. राहिलेल्या खमिराला तिनं दोन मुठी मैदा घातला, वर गुळाचा खडा कुस्करून टाकला. परभणीपर्यंतचा प्रवास, त्याला उपाशी कसं न्यायचं? पाहुण्याला बांधून देतात तसं सगळं बांधून दिलं. झाकण दाबून घट्ट बसवलं आणि वरून फडक्याची गाठ मारली, सांडू नये म्हणून. मी बघितलंही नाही. मला परीक्षेची पडली होती.

बा स्टेशनापर्यंत आला. घंटा झाली तशी म्हणाला, "कुणी आडनाव इचारलं तर कदम सांग." हे तो दर वेळी सांगायचा. सांगताना माझ्याकडं बघायचा नाही, घंटेकडं बघायचा.

पूर्णेला बदललेल्या गाडीच्या डब्यात दाटी होती. मी खिडकीशी, मांडीवर गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा. समोर कपाळाला भस्म लावलेली, गळ्यात लिंग असलेली एक म्हातारी, तिच्याशेजारी पांढऱ्या टोपीचा एक माणूस. पूर्णा मागं पडलं, आणि पिंगळीच्या अलीकडं गाडी उभी राहिली. नुसती उभी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी म्हणालं, "फुडं काहीतरी झालंय." काय झालंय ते कुणी म्हणत नव्हतं. त्या वर्षांत ते म्हणावं लागत नसे. खिडक्या खाली ओढल्या गेल्या. टोपीवाला आपल्या बुटांकडं बघत होता. लेकरं रडायची थांबली. बंद खिडक्यांआड, माणसांच्या उबेत, मांडीवरचा डबा गरम झाल्यासारखा वाटत होता. मला वाटलं, माझाच घाम.

आणि त्या शांततेत फाट् असा आवाज झाला.

बाया किंचाळल्या. टोपीवाला बाकाखाली वाकला. कुणीतरी "बॉम, बॉम" म्हणालं. मीही दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. खाली बघते तर फडक्याची गाठ सुटलेली, झाकण टोपीवाल्याच्या पायाशी, आणि माझ्या मांडीवर पांढरं, लिबलिबीत, फुसफुसणारं खमीर डब्याबाहेर येऊन साडीवरून खाली निघालेलं.

"काय हाय ते?" टोपीवाला ओरडला. भ्यालेला माणूस मोठ्यानं ओरडतो. "काय घेऊन बसलीस? कुठली तू? आडनाव काय तुजं?"

सगळा डबा माझ्याकडं बघत होता. कदम हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, कितीतरी वर्षांपासून घोटलेला. पण माझे दोन्ही हात खमिरात होते. मी ते गोळा करत होते, डब्यात परत घालत होते, आणि एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं मला जमलं नाही. मी माझं खरं आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, वस्ती सांगितली. "हे खमीर हाय. पावाचं. आज माजी परीक्षा हाय, आन हे सांडलं तर मी नापास हुईन," एवढं एका दमात म्हणाले आणि रडायला लागले.

टोपीवाला उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. हवेसाठी असेल. नसेलही. ते मला आजही सांगता येत नाही.

मग ती म्हातारीही उठली. मला वाटलं, हीपण. ती खाली वाकली, झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर बसकण मारली. "अंबील बी अशीच वर येती की माय," म्हणाली. "त्याला कोंडतेत व्हय? मरंल की ते." मग डब्याकडं बघत, जरा संकोचून, "हात लावू का? माज्या हातानं बिगडणार न्हाई ना?"

त्या प्रश्नाची उलटी बाजू मी जन्मापासून ओळखत होते. ही बाजू पहिल्यांदाच ऐकली. मी मान हलवली. तिनं माझ्या साडीवरचं उरलेलं खमीर दोन बोटांनी निपटून डब्यात टाकलं, झाकण वर नुसतं अलगद ठेवलं, आणि गाडी हलेपर्यंत त्यावर हात ठेवून बसली. परभणीला उतरताना तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

कॉलेजात पोचले तेव्हा उशीर झाला होता. मॅडमनी एक ओव्हन रिकामा ठेवला होता. निम्मं खमीर गेलं होतं, निम्म्यात भागवायचं होतं. कणीक मळली, उन्हात ठेवली, ती वर यायला दुपार झाली. पाव आत घालून मी दार लावलं आणि ओव्हनकडं पाठ करून स्टुलावर बसले.

मांडीवर हात ठेवले आणि हळूच थापायला सुरुवात केली. एक. लांबून बघणाऱ्या मुलींना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. दोन. तीन. चौथ्याला मान मागं वळू बघत होती. मी थापत राहिले. पाच. सहा. सातव्या भाकरीला वास आला.

करपल्याचा. खरा. स्पष्ट. शेजारच्या ओव्हनमधलं कुणाचं तरी काहीतरी असेल, किंवा माझंच असेल, मला कळायला मार्ग नव्हता. सगळं रान पुन्हा माझ्याभोवती उभं राहिलं, चिखल, वाकलेल्या पाठी. मी उठले. कडीपर्यंत गेले. लोखंड गरम होतं. मग मला टोपल्यातल्या त्या सात भाकरी आठवल्या, आणि शेवटच्या दोन, ज्यांना पीठच नव्हतं.

मी परत स्टुलावर बसले. आठ. रिकाम्या हातांनी, सावकाश, पाण्याचा हात फिरवून, उलटून. नऊ.

मग दार उघडलं.

करपलं होतं ते शेजारच्या ओव्हनमधलं. माझा पाव तांबूस, सरळ, फुगलेला होता. मॅडमनी तो पालथा करून तळाला बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

शनिवारी लेक येईल. मैदा, लोणी आणून ठेवलंय. पोरं काचेतून आत डोकावतील, दार उघडा म्हणून हट्ट करतील. त्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. माझं मलाच अजून ओट्यापाशी उभं राहवत नाही. पाव आत गेला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते आणि मांडीवर मोजते.

त्या सोमवारी मी पास झाले. पुढच्या वर्षी पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली, वस्तीतली पहिली. मार्कलिस्टवर आडनाव आमचंच आहे.